केशरबाईनं राखलेलं विमान

अंजनगावच्या जिनात कापूस निवडणाऱ्या बायांत केशरबाईसारखी तोंडाळ बाई दुसरी नव्हती. मुकादम शेषराव सगळ्यांवर खेकसायचा, पण तिच्यापुढं आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. एकदा तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की कुणाची धडगत नसे. अशी ही बाई बासष्टच्या हिवाळ्यात गप्प झाली.

तिचा एकुलता एक श्रावण फौजेत होता. विमानातून डोंगरावरच्या जवानांसाठी धान्याची पोती खाली टाकायचं काम त्याच्याकडं होतं. ते विमान उत्तरेत कुठंतरी बर्फाच्या डोंगरांत पडलं. जागा सापडली नाही, पोरगाही सापडला नाही.

"मले तिथं नेऊन सोडा," असं ती भेटेल त्याला म्हणायची. कोण नेणार? अमरावतीच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात वर केले.

मग कुणीतरी सांगितलं की मेळघाटातही मागच्या महायुद्धातलं गोऱ्यांचं एक विमान पडलेलं आहे. केशरबाईनं भाकर बांधली, एस.टी.नं परतवाडा गाठलं आणि तिथून लाकडाच्या ट्रकनं ती वर गेली. जंगलाचा राखणदार डोमाजी तिला डोंगरावर घेऊन गेला. सागाच्या रानात पंख मोडून पडला होता, शेपटी खडकाला टेकली होती, मधल्या भागात पालाच पाला साचला होता. बाई पदर खोचून पाला काढायला लागली.

"काहून करून राहिली वं माय?" डोमाजीनं विचारलं.

"हे बी कोणाचे पोरं होते. त्याईची माय इथं येऊ शकत नाई. मी याईचं राखीन, तं तिकडं एखादी बाई माह्या श्रावणचं राखीन."

छप्पन साली या घरानं दीक्षा घेतली, तेव्हाच नवस बोलणं सुटलं होतं. देवाशी सौदा करायची सोय उरली नव्हती, म्हणून बाईनं तो माणसांशी केला. कापसाचा हंगाम सरला की ती दरसाल वर जायची, पाला काढायची, मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायची आणि खाली आली की चार दिवस तिला झोप लागायची.

पण विमान कमी होत चाललं. एका साली पंख दिसला नाही, पुढच्या साली शेपटी गेली. केशरबाईनं डोंगराखालच्या गावात शिरून शिव्यांची लाखोली वाहिली. लोकांनी ती ऐकून घेतली आणि तिला चहा पाजला. जंगलाच्या कचेरीतला बाबू तर म्हणाला, "बाई, भंगाराची फिर्याद असते का कुठं?" असल्या बाबूंचा मला मनस्वी राग येतो. पण तिथं बसून मी तरी काय केलं असतं? भंगारच होतं ते. एकट्या केशरबाईसाठी नव्हतं, आणि हे कुठल्या शब्दांत सांगावं ते तिलाही कळत नव्हतं.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात ती वर गेली तेव्हा तिथं नुसतं वाळलेलं गवत होतं. ती त्यातच बसून राहिली. डोमाजीनं तिला कशीबशी उठवून घरी आणलं.

त्याच्या सुनेनं भाताचा गंज पुढं ठेवला. गंज जर्मनचा होता. पातेल्याला आमच्याकडं गंज म्हणतात आणि ॲल्युमिनियमला जर्मन. परतवाड्याच्या कारागिरानं पत्रा ठोकून तो केला होता, आणि काठाखाली रिव्हेटांच्या बुजवलेल्या भोकांची ओळ दिसत होती. केशरबाईचं बोट त्या ओळीवर थांबलं.

डोमाजीची मान खाली गेली. "लेकराईले शिजवाले भांडं नवतं, माय. सारं गाव नेऊन राहिलं होतं. मंग मी बी नेलं."

सून भिंतीशी सरकली. आता पट्टा सुटणार हे तिला दिसत होतं. पण बाईनं हळू आवाजात विचारलं,

"डोमाजी, त्या बर्फात गाव असन का रे एखांदं?"

"नाई माय. तिथं कोण राहीन?"

तिनं गंज दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"म्हंजे माह्या पोराजवळ राखणारी तं सोड, चोर बी गेला नसन."