थोरलीच्या गाठी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सवतीवर मात्र होता... आणि मेलेली असली तरी सवत ती सवतच, हे ज्या बाईला बिजवराला दिलंय तिला मी वेगळं सांगायला नको. तुमच्या मासिकात लोक पिंपळावरचे आणि विहिरीतले अनुभव लिहितात, ते वाचून मी हसते. माझ्या अनुभवात पिंपळ नाही, विहीर नाही, अमावास्या तर नाहीच. सगळं भर दिवसा झालं, नागपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा भूतसुद्धा सावली सोडून बाहेर पडणार नाही. कागदाच्या या टंचाईत संपादकांनी जागा दिली तर वाचा आणि काय ते तुम्हीच ठरवा.

आधी घर सांगते. जुनी शुक्रवारी, तलावाच्या मागची गल्ली. खाली दोन खोल्या आणि ओसरी, वर माडी. माडीवर भिंतीतली दोन कपाटं, आणि त्यांत पोथ्या. ह्यांचे पूर्वज भोसल्यांच्या वेळी इकडे आले ते पोथ्या नकलून देण्याच्या कामावर. वैद्यक, ज्योतिष, ओव्या, कुणाकुणाच्या वंशावळी... जे हाती आलं ते त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी लिहून ठेवलं. एकेका विषयाच्या पोथ्या लाल कापडात गुंडाळून वरून दोरीनं बांधलेल्या. त्या गाठोड्याला बस्ता म्हणतात. हे स्वतः सेक्रेटरिएटात कारकून. घरात त्यांना बाबू म्हणतात. आम्ही दोघं आणि ह्यांच्या विधवा आत्याबाई, एवढीच माणसं.

आणि थोरली. ती माझ्या लग्नाआधीच तापानं गेली, मूलबाळ काही नव्हतं. पण घरात तिची जागा माझ्यापेक्षा मोठी. माझ्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. सणाला पहिलं पान तिचं. भाजी बिघडली तर आत्याबाई म्हणणार, थोरलीच्या हाताला चव होती. बरी झाली तर म्हणणार, थोरली अशीच करायची. म्हणजे चितही तिचं आणि पटही तिचंच.

पण सगळ्यात मला सलायच्या त्या गाठी. थोरली दर वर्षी दिवाळीनंतर एकेक बस्ता सोडायची, पोथ्या पुसायची, मध्ये वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालायची आणि पुन्हा बांधायची. गाठ तिची स्वतःची होती. दोरीचे पदर एकमेकांत फिरवून चपटी बसवलेली, टोकं कुठे गेली ते दिसायचं नाही. ती गेल्यापासून ह्यांनी एकाही बस्त्याला हात लावू दिला नव्हता. ऑफिसातून आले की आधी माडीवर जायचे, कपाट उघडून त्या गाठींवरून बोट फिरवायचे, आणि मग खाली येऊन मला म्हणायचे, चहा ठेव.

इथल्या संशोधन मंडळाकरता नाना वझलवार नावाचे एक म्हातारे मास्तर घरोघर फिरायचे. लोकांच्या घरांत पडलेल्या पोथ्या बघायच्या, त्यांचा कॅटलॉग करायचा, दुर्मीळ असेल त्याची नक्कल करून अभ्यासकांना वाचायला ठेवायची, एवढंच त्यांचं मागणं. पोथी घराबाहेर न्यायचीही नाही. तरी हे दर वेळी काही ना काही सांगून टाळायचे. एकदा नाना फारच हटून बसले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दाराशी पोचले होते.

हे म्हणाले, "पोथ्यांचं काही नाही हो, नाना. पण त्या गाठी तिच्या हातच्या आहेत. एकदा सोडल्या का गेल्याच."

नाना म्हणाले, "अन् आतमध्ये कसर लागली असंल तं? मग गाठीच राहतील, बाबू. बांधलेलं काही राहणार नाही."

मी बश्या अशा आपटल्या की निम्मे पोहे सतरंजीवर गेले. ज्या हातांनी रोज ह्यांचा डबा होतो, धोतरं धुतली जातात, ताप आला तर कपाळावर घड्या पडतात, त्या हातांचं काही जपून ठेवावं असं ह्यांना कधी वाटलं नाही. आणि मेलेल्या बाईनं दोरीला दिलेल्या पिळासाठी एवढा जीव तुटतो! त्या दिवशी मी जेवले नाही. कोणी विचारलंही नाही.

उन्हाळ्यात अख्खं सेक्रेटरिएट थंड हवेच्या पचमढीला जायचं. हे ट्रंक भरून गेले, आणि मी दुसऱ्याच दिवशी नानांना निरोप धाडला. पुढे मंडळातले लोक म्हणायचे, सूनबाईंना विद्येची केवढी चाड! कसली चाड घेऊन बसलात? मला त्या गाठी सुटलेल्या बघायच्या होत्या.

आत्याबाई जिन्यात आडव्या बसल्या. "काहून हात लावून राहिली वं त्याले? बाबू आला का काय सांगशील?" मी त्यांना हाताला धरून वर नेलं आणि कपाटाच्या फळीवर साचलेला तपकिरी भुगा दाखवला. कसरीनं कागद खाल्ला की असा भुगा पडतो. त्यांनी बोटावर घेऊन पाहिला आणि मग वाट सोडून खिडकीशी जाऊन बसल्या.

पहिली गाठ काही केल्या सुटेना. शेवटी केसातला आकडा घालून उकरली. सुटली तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू... घट्ट चोळी सैल केल्यासारखं. पण आत पाहिलं तर वरच्या पानांची चाळण झालेली. नानांनी कपाळावर हात मारला. मधली पानं बरी होती, तेवढ्यावर त्यांनी देवाचे आभार मानले. मी मनात म्हटलं, बघा ह्यांचं प्रेम! थोरली दर वर्षी सोडायची म्हणून पोथ्या टिकल्या, आणि ह्यांनी गाठी जपून पोथ्या कसरीला खाऊ घातल्या.

मग काम सुरू झालं. नाना एकेक पोथी उघडून कॅटलॉग लिहायचे, मी मलमलच्या फडक्यानं पानं पुसायची. उन्हात ठेवायची नाहीत, सावलीत वारा द्यायचा, हा त्यांचा हुकूम. संध्याकाळी तो पहिला बस्ता मी माझ्या हातानं बांधला. साधी निरगाठ मारली, आणि टोकं मुद्दाम लांब बाहेर ठेवली. कोणीतरी बांधलंय हे दिसायला नको?

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर त्या बस्त्याला थोरलीची गाठ.

आधी वाटलं, आत्याबाईंचा उद्योग. पण त्यांच्या बोटांना वात, त्यांच्या चोळीची गाठसुद्धा मीच मारते. तरी मी दोरी काढून टाकली, माझ्या परकराची हिरवी नाडी घेऊन तिनं बांधलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी कुलूप जसंच्या तसं, किल्ली कमरेला, आणि हिरव्या नाडीची तीच चपटी गाठ.

आत्याबाईंनी हात जोडले. "ती आहे वं घरात. तुले दिसून नाही राहिली, एवढंच."

मी म्हटलं, मग आजचा स्वयंपाक तिलाच सांगा. वरवर असं म्हटलं खरं, पण मनातून भ्याले होते. आणि भीतीपेक्षा राग जास्त होता. माझा नवरा तुझा, पहिलं पान तुझं, लुगडं तुझं... आता मी केलेलं काम तरी माझं राहू दे ना.

मग आमची दोघींची जुंपलीच. मी बांधायचं, तिनं बदलायचं. सुतळी घेतली, जुन्या लुगड्याची किनार घेतली, सगळ्याची तिनं तीच गाठ केली. एक दिवस कंटाळा आला म्हणून मी एक बस्ता नीट न पुसताच बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी तो फळीवर उघडा पडलेला, न पुसलेली पोथी सगळ्यांत वर. मला सासू नव्हती, ती हौस हिनं फेडली. चरफडत पुसली आणि पुन्हा बांधली, तेव्हा तिची गाठ आली. नाना बिचारे काही जाणत नव्हते. त्यांना वाटायचं, गाठी माझ्याच. एकदा म्हणालेसुद्धा, सूनबाई, तुमच्या हाताला मोठी सफाई आहे. मी हो म्हटलं.

काम संपत आलं तेव्हाची गोष्ट. भर दुपार होती, नाना घरी गेलेले, आत्याबाई खाली झोपलेल्या. वैद्यकाचा बस्ता मी नुकताच माझ्या गाठीनं बांधला आणि दुसऱ्यात घालायला पाला आणावा म्हणून गच्चीच्या दाराशी गेले. तिथेच तो सुकत घातला होता. मूठभर उचलला आणि वळले. थोरलीची गाठ बसलेली होती, आणि सुतळीचं एक टोक आत जायचं राहिलं होतं. मी बघत असताना ते हळूच आत गेलं. माडीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

पाऊस लागला तसं ऑफिस परत आलं. ह्यांनी आल्या आल्या माडी गाठली. मी चुलीपुढे बसून होते. माहेरी धाडतील, आणखी काय करतील, असं मन घट्ट करून. हे खाली आले ते शांत. गाठी जागच्या जागी होत्या, माडीवर उजेड कमी. म्हणाले, चहा ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना हसत हसत कॅटलॉग घेऊन आले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सूनबाईंनी सोडलं, पुसलं, बांधलं. हे धावत वर गेले, मी मागोमाग. खिडकी उघडून त्यांनी बस्ते उजेडात धरले. हिरवी नाडी, सुतळी, माझ्या लुगड्याची किनार. एकही जुनी दोरी नाही.

मग म्हणाले, "तुले ही गाठ कोणं शिकवली?"

मी खाली पडलेला सुतळीचा तुकडा उचलून गुंडाळायला लागले.

"मी तिले किती म्हटलं, मले दाखव म्हणून. हसायची, पण दाखवली नाही. मले वाटलं, तिच्यासोबत गेली." "आता कायची भीती? नानाले सांगतो, ज्याले पोथ्या पाहायच्या असंल त्याले येऊ द्या. सोडल्या तरी तू आहेस बांधायले."

एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण हे म्हणाले, "एक बांध ना. मले पाहू दे."

आत्ता काय करावं? मी तोंडाला येईल ते बोलले. "तुम्ही पाहून राहिले तं मले नाही जमत. तिकडे तोंड करा."

हे मुकाट खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी एका बस्त्याची गाठ आकड्यानं सोडली, दोरी वर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मनात म्हटलं, बाई, बांधायची तर आत्ता बांध, नाहीतर माझं या घरातलं उरलंसुरलं गेलं. दोरीची टोकं उचलली गेली. एकमेकांत फिरली, खाली बसली, आत गेली. कसला आवाज नाही, घाई नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. इतकं सुबक मला जन्मात जमलं नसतं, आणि तेवढ्या भीतीतसुद्धा मला तिचा हेवा वाटला.

झालं म्हटल्यावर हे वळले. गाठ पाहिली. आणि मग माझी बोटं हातात घेतली, लग्नानंतर पहिल्यांदा. एकेक बोट निरखून पाहिलं आणि डोळ्यांना लावलं. ती बोटं कुणाची समजून लावली, हे आम्हा दोघींनाच ठाऊक.

आता अमरावतीचे, पुण्याचे लोक येतात, ओसरीवर बसून पोथ्या वाचतात, नकला करून नेतात. कसर गेली. मी नानांना आडून आडून विचारलं, दमट हवेनं दोरीला आपोआप पीळ बसतो का? ते म्हणाले, पीळ सुटतो सूनबाई, गाठ कशी बसंल? एका डॉक्टरांनी सांगितलं की माणसाचे हात कधी कधी त्याच्या नकळत काम करतात. पण माझे हात पाठीमागे होते, त्याचं काय? आणि ती हे पोथ्यांसाठी करते, ह्यांच्यासाठी करते की माझी कीव येऊन करते, तेही मला उमगलेलं नाही. कीव असेल तर ती मला नको आहे. तरी दर वेळी मी हात पाठीमागे घेतेच. लोक गेले की हे मला माडीवर बोलावतात आणि न सांगताच खिडकीकडे वळतात.

संपादकांना विनंती की माझं नाव छापू नये. तुमचं मासिक हेही वाचतात. ती अजून घरात आहे असं त्यांना कळलं, तर ते खिडकीकडे वळायचे नाहीत.