दिवाळीच्या बोनसची तजवीज

पुरुषोत्तमरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीचा त्यांचा रबरी वॉशरचा छोटा कारखाना सरोजाबाईंच्या गळ्यात पडला. तांबरमच्या शाळेत भूगोल शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

पहिल्याच महिन्यात त्यांनी हिशेबनीस गुरुमूर्तींना विचारलं, "नफा दिसतो, मग दर पगाराला घरचं सोनं गहाण का पडतं?"

"गिऱ्हाईक पैसे तीन महिन्यांनी देतं अम्मा, रबरवाला रोख मागतो."

सरोजाबाईंनी पुढच्या सहा महिन्यांचा तक्ता आखला. किती माल विकला हे त्यात नव्हतंच. कुठल्या आठवड्यात हातात खरोखर किती येणार आणि किती जाणार, एवढंच. दिवाळीचा बोनस ऑक्टोबरात होता. तेवढा कसाबसा निघत होता.

जुलैत मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीकडून नेहमीच्या दुप्पट ऑर्डर आली. गुरुमूर्ती हरखले. अंथरुणावरून पुरुषोत्तमराव अडखळत म्हणाले, "घेऊन टाक." सरोजाबाईंनी ती तक्त्यात मांडून पाहिली. रबर ऑगस्टात घ्यायचं, पैसे नोव्हेंबरात. ऑक्टोबर कोरडा पडत होता.

रात्रभर त्यांना वाटत राहिलं, नवऱ्याने वीस वर्षं वाट पाहिलेली ऑर्डर आपण घालवतोय. तरी सकाळी त्या कंपनीत गेल्या. खरेदी विभागात शार्दूल नावाचा नाशिकचा तरुण होता.

"अर्धीच द्या," त्या म्हणाल्या. "उरलेली दिवाळीनंतर."

"मॅडम, लोक जास्त मागायला येतात."

"ऑक्टोबरात माझ्याकडे पैसे नसतील. आज कळतंय, म्हणून आज सांगते. ऐन वेळी माल अडकला तर तुमचं काम थांबेल."

शार्दूल आपल्या साहेबांकडे जाऊन आला. अर्धी ऑर्डर मिळाली, शिवाय पैसे तीस दिवसांत देण्याचं कबूल झालं. इतक्या आधी अडचण सांगणारा पुरवठादार साहेबांना भेटला नव्हता.

दिवाळीच्या आठवडाभर आधी सगळ्यांना बोनस मिळाला. सोनं घरातच राहिलं. सर्वांत जुने कारागीर एकोजी पाकीट खिशात ठेवत म्हणाले, "अम्मा, पुढच्या वर्षीही असाच वेळेवर?"

"जूनमध्ये तक्ता मांडून सांगते."

एकोजींनी समाधानाने मान हलवली. आजवर त्यांना जूनमध्ये होकार मिळायचा आणि ऑक्टोबरात 'जरा थांबा'.