काहून सरांचा वरवंटा

काहून सरांना कुणी नमस्कार केला, तरी ते आधी डोळे बारीक करून बघायचे, याच्या मनात काय आहे म्हणून. घाटंजीला ते प्राचीन इतिहास शिकवत आणि मी त्यांच्याच विभागात नवी लागलेली. पहिल्या दिवशी म्हटलं, "सर, मी दिग्रसची." तर म्हणाले, "मंग इकडं काहून आल्या?" ऊठसूट 'काहून', म्हणजे 'का', विचारायचे, म्हणून तेच नाव पडलेलं. नोकरी लागली म्हणून आले, दुसरं काय! पण ते उत्तर त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. गाव सोडणारा माणूस सांगतो एक आणि कारण असतं भलतंच, हाच त्यांचा जन्मभराचा अभ्यास.

आमच्याकडे उठून गेलेल्या गावाला रिठ म्हणतात. कुठल्याही रिठाची कहाणी विचारा, उत्तर ठरलेलं: मरी आली, गाव रातोरात पळालं. सर मान हलवायचे. "सगळीकडं मरीच काहून? अन् पळणाऱ्याले मडके धुऊन पालथे घालाची फुरसत भेटली काय?"

अशाच एका रिठावर, कपाशीच्या शेतात, दोन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. घराघरात पाटा होता, वरवंटा मात्र एकाही घरात नाही. सर असे खूश, जसं काही लग्न ठरलं. "मॅडम, पाटा कोण उचलते? वरवंटा मात्र कोनीबी नेते. आजबी कामाले बाहेरगावी जानारी बाई पाटा घरी ठेवते अन् वरवंटा गाठोड्यात बांधते. काहून? वापस याचं असते तिले. हे लोक पळाले नाही. वापस येनार होते."

पुण्याच्या परिषदेत हे मांडलं, तेव्हा मोठमोठे विद्वान गालात हसले. माझं डोकं फिरलं. सर शांतपणे म्हणाले, "त्यायच्या घरी मिक्सर आहे."

गावाला तर सरांचाच संशय. एवढा शिकलेला माणूस उन्हातान्हात फुटक्या खापऱ्या कशाला वेचेल? गुप्तधन असणार! शेतमालक हळूच म्हणायचा, "सर, हंडा भेटला तं आमाले इसरू नका." सरही त्याच्या खिशाकडे संशयानं बघत म्हणायचे, "मले तं हंड्याचं झाकनबी भेटून नाही राह्यलं. तुमीच तं नाही नेलं?"

निवृत्तीनंतर, त्यांची बायको, आमच्या बाई, वारल्यावर सर एकटेच भाड्याच्या खोलीत राहायचे. छातीत दुखायला लागलं तेव्हा मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना म्हणाले, "महिन्याभरात येतो मॅडम. रिठाचं पुस्तक दोघं मिळून पुरं करू." महिना गेला, कपाशी वेचून झाली, सर आले नाहीत. फोनही उचलेनात. चहाच्या टपरीवर चर्चा सुरू, "हंडा घेऊन पळाला बुढा." मी तिथं चांगलीच भांडले. पण घरी आल्यावर माझ्याही मनात पाल चुकचुकली. पुण्यात दवाखाना, नातवंडं, सगळं हाताशी. आता कशाला येतात ते? आणि मग मला तसं सांगितलं तरी कशाला?

घरमालकीणबाईंना खोली दुसऱ्याला द्यायची होती, म्हणून मी सामान आणायला गेले. पुस्तकं बांधली. मागच्या ओट्यावर हळदीनं पिवळा पडलेला, सरांच्या बाईंचा पाटा होता. वरवंटा कुठं दिसेना. म्हणजे सर येणार! पण लगेच दुसरा विचार आलाच, सरांचीच चेली ना मी! विचारलं, "वहिनी, वरवंटा तुम्ही तर नाही नेला?"

"मी कायले नेऊ बाई? मले काय दगडाचा तोटा आहे?" त्या फणकारल्या. माझा काही विश्वास बसला नाही.

मग एका दुपारी सरांच्या मुलाचा फोन आला. सर गेले होते. इकडचं तिकडचं बोलून तो जरा घुटमळला.

"मॅडम, बाबांच्या बॅगेत तळाशी, धोतरात गुंडाळलेला एक वरवंटा निघाला. आमच्याकडे तर पाटाही नाही. कशाला आणला असेल हो त्यांनी? टाकून देऊ का?"

मला रडूच फुटलं.

"टाकू नका," शेवटी कसंबसं म्हणाले, "इकडं पाठवून द्या. पाटा माझ्याकडे आहे."