सुरी न जाणारा केक

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी थर्माकोलवर केक सजवायला शिकत होते. रोज खरा केक करून बिघडवणं परवडणारं नव्हतं. नव्या फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल गोल कापला, एकावर एक चिकटवला. क्रीम फासताना तो घसरायचा, म्हणून खाली फरशीचा तुकडा लावला. वनस्पती तूप आणि पिठीसाखरेचं क्रीम चढवायचं, फुलं काढायची, सगळं खरवडून पुन्हा तेच चढवायचं. हात बसेपर्यंत चार महिने गेले.

सासूबाईंना यातलं काहीच पटत नव्हतं. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, आणि सून तुपकट भांडी घासत बसते! पहिली ऑर्डर आली तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ह्यो एक कर. जमला तर बघू. न्हाई जमला तर ह्यो थर्माकोलचा खेळ बंद." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ऑर्डर नवऱ्याच्या ओळखीतल्या एका घरची, सहा वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाची. केकवर काय हवं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "नळ. चालू नळ." मी आदल्या दिवशी थर्माकोलवर नळ काढून पाहिला, निळं पाणी पाडलं, खाली बादली केली. मग तसाच्या तसा खऱ्या केकवर. दोन्ही पांढऱ्या डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवले, खरा वर, सरावाचा खाली.

संध्याकाळी नवरा आणि सासूबाई केक घेऊन स्कूटरवर पुढं निघाले. मी आतून ओरडले, "वरचा डबा घ्या!" साडी नेसून झाल्यावर फ्रिज उघडला आणि वेलदोड्याचा वास आला. थर्माकोलला कसला आलाय वास! दुपारी दह्याचं पातेलं बसवण्यासाठी मीच डब्यांची अदलाबदल केली होती. चूक शंभर टक्के माझी, तरी त्या क्षणी मी नवऱ्यालाच चार शब्द सुनावले, तो समोर नसताना. फोन लावला, उचलेना. सासूबाईंनी तो डबा मांडीवर धरून नेला असणार, आणि फरशीमुळं त्यांना वजनाचा संशयही आला नसणार. खरा केक मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मी रिक्षावाल्यावर खेकसत होते. चार महिन्यांचं शिकणं पन्नास माणसांसमोर हसण्यावारी जाणार, ती पोरगी रडणार, आणि सासूबाईंना काही बोलावंसुद्धा लागणार नाही.

घर उघडं होतं. फुगे, पंखा, टेबलावर केक, आणि माणूस म्हणून कुणी नाही. केकजवळ फक्त वाढदिवसाची मुलगी, नव्या फ्रॉकमध्ये, हातात सुरी घेऊन उभी.

"सगळे कुठं गेले?"

"टँकर आलाय. फ्रॉक भिजल म्हणून मला नेलं न्हाई." मग हळूच म्हणाली, "काकू, ह्येच्यात सुरी जातच न्हाई."

केकच्या कडेला बारीकशी खाच पडली होती. मी खिडकीतून पाहिलं. उदगीर जिल्हा व्हावा की नाही यावर एरवी हमरीतुमरीवर येणारी पाहुणेमंडळी तिथं मुकाट्यानं एकमेकांच्या घागरी भरत होती. आमचे हे इस्त्रीच्या शर्टात पाइप धरून उभे, आणि सासूबाई रांगेत दोन कॅन घेऊन. मला टँकरवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"त्यो माझा शिकायचा हाय गं," मी तिला म्हणाले. "तुझा ह्यो." केक बदलला, थर्माकोल पलंगाखाली सारला. तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि सुरीला लागलेलं क्रीम पुसून टाकलं.

मंडळी परतली ती ओलीचिंब आणि खूश. पिंप भरलेल्या घरात त्या वेळी जो आनंद असायचा, तो केकनं कधी होत नाही. ओवाळणं झालं, टाळ्या सुरू झाल्या. मुलीनं सुरी टेकवली, श्वास रोखला आणि दाबली.

"गेली!" ती किंचाळली. "काकू, गेली!"

तिला काय झालं ते कुणालाच कळलं नाही. सगळे हसले. मी भिंतीला टेकून खालीच बसले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी केकचा तुकडा संपवला. चेहऱ्यावरून काही कळेना. मग शेजारच्या बाईनं विचारलं, कुठल्या बेकरीतून आणलाय?

"बेकरीतला न्हाई," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्या सुनंनं केलाय. तुमची ऑर्डर असली तर सांगा."