आईचं रडणं

रूपा गायकवाड दुकानात आली की मला मशीन थांबवावं लागायचं. ती बोलताना हात-पाय सगळंच वापरायची आणि माझं शिवणकामाचं दुकान चौक गावच्या नाक्यावर, एवढंसं. तिचं घर जवळच, लोधिवलीत. शाळेपासूनची आमची मैत्री. आठवीत असताना तिने भीमजयंतीच्या कार्यक्रमात एक नाटुकलं बसवलं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचलंच नाही. वडील धर्माजीकाका लवकर गेले. थोरला भाऊ सुमित घाटात अपघाताच्या गाड्या उचलणाऱ्या क्रेनवर कामाला होता. त्यानेच तिला मुंबईला नाट्यविभागात पाठवलं. नातेवाईक नावं ठेवायचे, तर म्हणायचा, "तिचं ती बघेल. मी हाय ना."

सुट्टीला आली की ती मला तिच्या अभ्यासातले गुरू सांगायची. जगभरचे नट, दिग्दर्शक, नाचणाऱ्या बायका. कुणी म्हणतं, अभिनय आतून बाहेर यायला पाहिजे, नटाने स्वतःच्या आठवणी उकरून काढाव्यात. कुणी म्हणतं, आधी शरीराला ती हालचाल करू दे, मग आतलं आपोआप येईल. नाचाच्या बाई तर त्यांना महिनाभर नुसतं पडायला आणि उठायला शिकवत होत्या. गुडघे काळेनिळे झालेले.

"हे शिकायला मुंबईला गेलीस?" मी विचारलं.

"रजू, पडणं सोपं नसतं गं. खोटं पडलेलं लगेच कळतं."

तिच्या तोंडावर तेव्हा जे तेज असायचं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

ती दुसऱ्या वर्षाला असताना सुमित गेला. बोरघाटात धुकं होतं. उलटलेल्या कंटेनरला तो साखळी लावत होता आणि मागून ब्रेक फेल झालेला ट्रक आला. बातमी सकाळी आली. मी गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि येसूकाकू, म्हणजे रूपाची आई, मोरीजवळ उभी होती. तिने सुमितचा आदल्या दिवशी धुतलेला शर्ट दोरीवरून काढला होता आणि ती तो पिळत होती. शर्ट सुकलेला होता. ती पिळायची, झटकायची, पुन्हा पिळायची. घशातून एक आवाज येत होता. त्याला रडणं म्हणता येणार नाही. जखडलेलं दार कुणी तरी रेटत असावं तसा. बायकांनी शर्ट सोडवू पाहिला, तिने सोडला नाही. हात सोलवटले.

रूपा दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, नंतरही नाही. सुमितच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती मुंबईला परत निघाली, तेव्हा मला म्हणाली, "मला काहीच होत नाही, रजू. मी दगड झाले का?"

तिकडे तिच्या वर्गात नेमका आठवणींवरचा अभ्यास सुरू झाला. प्रत्येकाने स्वतःचं दुःख घेऊन उभं राहायचं. रूपा रोज उभी राहायची आणि काही यायचं नाही. सुमितचा चेहरा आठवायची, त्याची मोटरसायकल, त्याचं हसणं. आत सगळं कोरडं. अभिनय शिकवणारे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्याकडे तर इतकं ताजं आहे, रूपा. कशाला अडवून धरतेस?"

त्या काळात ती मला फोन करायची आणि नुसती धरून बसायची. मी इकडून काहीबाही बोलत राहायचे. एकदा म्हणाली, "सगळ्यांची पुस्तकं वाचून झाली. रडता येत नसेल तर काय करायचं, ते कुणी लिहिलेलं नाही." मी म्हटलं, घरी ये. ती आली नाही.

मग एके दिवशी तिने फोनवर सांगितलं, की झालं. वर्गात उभी राहिली आणि स्वतःचं काही येईना, तेव्हा तिच्या हातांनी आपोआप ओढणी पिळायला घेतली. मग घशातून तो आवाज आला. एक मुलगी रडत बाहेर गेली. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हाच तुझा वर्षअखेरचा प्रयोग म्हणाले. नाचाच्या बाईंनी पिळण्यातून हालचाली बांधल्या, पडणं-उठणं बसवलं.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली आणि विषय बदलला.

मला तेव्हा उमगलं नाही, किंवा मी उमगू दिलं नाही. प्रयोगासाठी फिकट पातळ हवं म्हणाली, ते मी माझ्या हाताने शिवून दिलं, नाचताना सुटू नये असं.

प्रयोग गाजला. विभागाने निवडलेली नाटकं बाहेरगावी न्यायचं ठरलं, त्यात हे होतं, आणि गावांमध्ये आमची खोपोली होती. येसूकाकू मला म्हणाली, "पोरीचं काम कदी बगितलंच नाय गं. नेशील का?" रूपा तिला सांगून गेली होती, येऊ नकोस आई, तुला नाही कळायचं ते. काकू हसून म्हणाली, "माजी पोर हाय. कळंल तेवडं कळंल."

माझा भाऊ आदिल टेंपो घेऊन खोपोलीला निघालाच होता. आम्ही पुढे बसून गेलो. काकूने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. हॉल अर्धा भरला होता. आम्हाला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली.

दिवे मंद झाले. रूपा आली. तिच्या हातात एक शर्ट होता.

तिने पहिला पीळ दिला आणि मला सगळं उमगलं. मी काकूकडे बघायला घाबरले. रूपा झटकत होती, पिळत होती, पडत होती, उठून पुन्हा पिळत होती. मग तो आवाज आला. तस्साच. अंगणात ऐकला होता तसाच, कुठे कमी नाही, जास्त नाही. काकूचे हात मांडीवर होते, ते हलायला लागले, मग तिने एका हाताने दुसरा दाबून धरला.

ती उठली. जागेवरच उभी राहून म्हणाली, "बास गं."

मोठ्याने नाही, पण त्या शांततेत ते सगळीकडे पोचलं. रूपाने ऐकलं. क्षणभर तिची मान आमच्याकडे वळली. मग तिने पुन्हा पीळ दिला.

काकू बाहेर गेली, मी मागोमाग. आत टाळ्या पडल्या, बराच वेळ पडत राहिल्या. रूपा रंग न पुसता धावत बाहेर आली. काकू आदिलच्या टेंपोला टेकून उभी होती.

"आई..."

"माजं रडनं तरी मला ठेवायचं व्हतंस," काकू म्हणाली.

"आई, मला माझं येत नव्हतं गं. खूप केलं. आलंच नाही."

"मग नाय आलं म्हनायचं." तेवढंच बोलून ती टेंपोत चढली. रूपा खोपोलीच्या त्या रस्त्यावर उभी राहिली. आतून कुणी तरी तिला हाका मारत होतं.

आता सगळ्यांत वाईट सांगते. येसूकाकूला कपडे धुता येईनात. बादली भरायची, कपडा हातात घ्यायची आणि थांबायची. मला म्हणाली, "हात पिळाया लागले की मला ती दिसते. मी धुतेय का सोंग करतेय, तेच कळत नाय." रडणं तर तिचं बंदच झालं. सुमितचा फोटो पुसतानाही चेहरा हलायचा नाही. पुढे कपडे मीच घेऊन येऊ लागले, दुकानामागे धुऊन वाळवायचे.

रूपाला हे मी सांगितलं. सांगायला नको होतं असं मला वाटत नाही; तिला कळायलाच हवं होतं. ती दुसऱ्या दिवशी सरांकडे गेली आणि पुढचे प्रयोग करणार नाही म्हणाली. सरांनी समजावलं. नटाचं खाजगी असं काही नसतं, म्हणाले. ती बधली नाही. तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. हालचाली बांधलेल्या आहेत. भाग्यश्री करेल."

भाग्यश्री तिच्याच वर्गातली. चांगली मुलगी, मेहनती. रूपा तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली. भाग्यश्री म्हणाली, "अगं, आता ते तुझ्या आईचं कुठे राहिलंय? सगळ्यांचं झालंय." रूपा नाचाच्या बाईंकडे गेली. त्यांना वाईट वाटलं, पण तारखा ठरल्या होत्या. मग तिने भाग्यश्रीच्या तालमीत जाऊन शर्ट हिसकावून घेतला. तो घेऊन ती जिन्यावर बसून राहिली. त्यांनी दुसरा शर्ट आणला.

प्रयोग झाले. पुढच्या गावी झाले, त्याच्या पुढच्याही. एका ठिकाणी बक्षीस मिळालं.

रूपाने दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा मात्र दिली. तिला विचारलं, इतक्या गुरूंपैकी तुला कुणाचा विचार पटला? ती म्हणाली, "दुसऱ्याचं घेण्याआधी विचारावं, असं सांगणारा मला कुणी सापडला नाही. असेलही. मीच वाचला नसेल." परीक्षकांनी तिला पास केलं.

ती घरी आली आणि घरीच राहिली. खालापूरला कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात लागली. सकाळी जाते, संध्याकाळी येते. मायलेकी बोलतात, पण भाजीचं, पाण्याचं, विजेच्या बिलाचं. रूपा रस्त्याने चालताना हात बांधून चालते, जणू ते सुटले तर काही तरी करून बसतील. एकदा मी म्हटलं, "नाच गं जरा, कुणी नाही इथे." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मशीन सुरू केलं.

यंदा कॉलेज सुरू व्हायच्या सुमारास येसूकाकूने स्वतःच विषय काढला. मी तिथेच बसले होते.

"तू परत जानार हायस का नाय?"

"माहीत नाही, आई."

"जा. एक वरीस ऱ्हायलंय." मग म्हणाली, "पन मला बोलवू नको."

"राग गेला का तुझा?"

"राग नाय गं." काकू लसूण सोलत होती. "राग असता तर बरं झालं असतं."

ठरल्या दिवशी रूपा बॅग घेऊन चौकच्या स्टॅंडवर गेली. माझ्या दुकानातून स्टॅंड दिसतो. पनवेलची गाडी आली, गेली. दुसरी आली. कंडक्टरने तिला विचारलंही असावं, कारण तिने मान हलवली. गाडी सुटली. ऊन चढेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग बॅग उचलून लोधिवलीच्या रस्त्याला लागली. मी दुकानाच्या दारात येऊन हाक मारली. तिने ऐकली नाही, किंवा ऐकून वळली नाही.

संध्याकाळी मी गेले तेव्हा बॅग तशीच बांधलेली, दाराशी होती. काकूने दोघींपुरता भात टाकला आणि मला म्हणाली, "तूबी जेवून जा."