उकळलेला माउथपीस

आमचे भावोजी हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात, म्हणजे वाजवायचे. स्वभाव इतका मऊ की दारात आलेल्या मांजरालाही ‘या, बसा’ म्हणतील. माझी ताई अगदी उलट. एखादी गोष्ट तिने मनावर घेतली की समोरच्याची धडगत नाही.

सॅक्सोफोनचा जीव माउथपीसमध्ये असतो, असं भावोजी सांगायचे. काळ्या कडक रबराचा तुकडा, त्यावर बांधलेली वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड. दोघांमधली फट जरा जास्त झाली की दम लागतो, कमी झाली की आवाज कोंडतो. तरुणपणी दुकानं पालथी घातल्यावर त्यांना आपल्या ओठांना बसणारा एक सापडला. तेव्हापासून तोच.

यंदा त्यांचे पुढचे दात गेले आणि कवळी आली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हिरड्या भरेपर्यंत तोंडात जाईल ते सगळं स्वच्छ हवं.” ताईने ते ब्रह्मवाक्य मानलं. दातांसाठी घेतलेल्या सुट्टीनंतर बँडमास्तर भावोजींचं वाजवणं ऐकून त्यांना परत घेणार होते. त्याच सकाळी तिने चमच्यांबरोबर माउथपीसही खळखळ उकळला. काळ्याचा मळकट हिरवा झाला, घरभर जळक्या रबराचा वास सुटला.

“बघ, किती वर्षांचा मळ निघाला!” ती मला कौतुकाने म्हणाली.

भावोजींनी रीड बांधून तो खिडकीपाशी धरला. माउथपीस वाकला होता; एका कडेने उजेड आत येत होता. त्यांनी तो मला दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी कपाळाला हात लावला.

बँडमास्तरांपुढे नुसती हवा फुसफुसली, मधेच चिरकली. भावोजींनी खापर कवळीवर फोडलं. “दात बसले की या,” म्हणत मास्तरांनी दुसरा वादक घेतला.

“नवा माउथपीस घ्या की!” मी भावोजींना चिडून म्हणाले.

“मित्राचा आणून पाहिला. त्याचं भोक लहान आहे. सॅक्सोफोनच्या मानेवरचा कॉर्क घासला तरच बसेल, आणि घासला की जुना ढिला होणार, कायम नवाच लावावा लागणार. मग तुझी ताई विचारेल ना, जुन्याला काय झालं?”

“मग सांगा तिला!”

“तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही गं.”

मला दोघांचाही संताप आला. भलेपणा करावा, पण किती? इकडे ताई त्यांना ओढत दवाखान्यात घेऊन गेली. “तुमच्या दातांनी यांच्या पोटावर पाय आणलाय!” ती बाईंवर कडाडली. बिचाऱ्या बाईंनी चांगली बसलेली कवळी कानस लावून घासली. बाई म्हणतील तेव्हा भावोजी आ करत बसले.

घरी येताच ताईने सॅक्सोफोनची पेटी पुढे ठेवली. “वाजवा आता.”

त्यांनी फुंकलं. पुन्हा तेच चिरकणं, आणि आता सैल झालेली कवळीही खटखटली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“थांबा,” पदराने डोळे पुसत तिने हात पुढे केला. “आत अजून मळ असेल. परत एकदा उकळून देते.”

भावोजींनी माउथपीस मुठीत घट्ट धरला.

“नको गं,” ते म्हणाले. “दातच बसत नाहीयेत.”