वैशालीची गोधडी

हिवाळ्याच्या तोंडावर डिकीतली गोधडी मी हिल्सबरोच्या आमच्या घराच्या डेकवर उन्हात टाकते. तिला अजून डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि तो आला की आजही माझ्या पोटात दुखतं.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही आणि हॅमिल्टनची माझी मैत्रीण वैशाली, दोन गाड्यांनी वेलिंग्टनला निघालो होतो. तिच्या डिकीत चेन्स, फावडं, थर्मास, गोधडी. "एव्हरेस्टला चाललीस का गं?" म्हणून मी हसले होते. आमच्या डिकीत भेळेचं सामान आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, होत्या.

वाटेतल्या उंचावरच्या डेझर्ट रोडवर अचानक बर्फ कोसळायला लागला. वैशालीने गुडघ्यांवर बसून आपल्या गाडीच्या चाकांना चेन्स चढवल्या. माझा नवरा हीटरसमोरून न हलता म्हणाला, "शिक जरा तिच्याकडून!" शेवटी आमची गाडी कडेला सोडून आम्ही तिच्याच गाडीतून हळूहळू मागच्या गावात परतलो. गोधडीत गुंडाळलेली माझी लेक म्हणाली, "आंटी, यू आर द बेस्ट!" ते मला थंडीपेक्षा जास्त झोंबलं.

तेव्हा वाटलं होतं, मिरवतेय मेली. आता चेन्स मीही बाळगते.

गोधडी मात्र तिने कधीच परत मागितली नाही. मागितली असती, तर वैशालीत एक तरी खोट मला सापडली असती.